मुकी सून

कलकत्त्याच्या रेडिओवर दुपारच्या बंगाली मालिकेत मला पहिलं काम मिळालं, ते मुक्या सुनेचं. “तुमच्या बंगालीत मराठी हेल येतो,” दिग्दर्शक दत्तबाबू म्हणाले, “तुम्ही फक्त हुंदके द्या.”

सुटी असली की आमचे हे घरी रेडिओला कान लावून बसायचे. मी परतले की म्हणायचे, “छान रडतेस. घरी सराव होतोच म्हणा तुझा!”

त्या शनिवारी थेट प्रसारणात मालिकेतल्या नवऱ्याने मुकीच्या थोबाडीत मारली. मी हुंदका गिळला आणि माइकवर मराठीत ओरडले, “अरे, पुन्हा हात उगारलास तर मोडून ठेवीन!”

दत्तबाबू लालबुंद झाले. “मुकी बोलली कशी? आणि हे कलकत्त्यात कळणार कुणाला?”

“ज्याला कळायला हवं, त्याला आज सुटी आहे.”