इस्त्रीवरचा आळ

विजेचं बिल दुप्पट आलं आणि घरातली सगळी बोटं सुनेच्या इस्त्रीकडे वळली. लोकांचे कपडे इस्त्री करून देण्याचा तिचा धंदा आत्ता कुठे बाळसं धरत होता. “गुंडाळ तो पसारा,” सासूबाईंनी फर्मावलं. सून बधली नाही. तिने इस्त्री, दिवे, पंखे सगळं बंद केलं आणि सासूबाईंना मीटरसमोर उभं केलं. मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकतच होता. “आता फक्त तुमचा फ्रिज चालू आहे, आई. हल्ली तो घुरघुरायचा थांबतच नाही.” फ्रिज सासऱ्यांनी हौसेने आणलेला. ते गेल्यावर सासूबाईंनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यांनी स्वतःच प्लग ओढला. ठिपका थांबला. त्यांनी फ्रिज रिकामा केला, कोरडा पुसला. “इस्त्रीचे कपडे यात ठेवत जा. फक्त दार हळू लाव, ह्यांना आपटलेलं खपत नाही.”