एका तिकिटापुरते पॉइंट्स

"आई, कुकर घेऊन पॉइंट्सचं मातेरं करू नकोस. विमानाच्या तिकिटात त्यांना सगळ्यात जास्त भाव मिळतो. साठव आणि ये माझ्याकडे," आपल्या खात्यावरचं दुसरं क्रेडिट कार्ड तिच्या हाती देताना मुलगा म्हणाला होता.

तेव्हापासून शेजारणींची औषधंसुद्धा ती आपल्या कार्डावर आणायची आणि त्यांच्याकडून रोख पैसे घ्यायची. नात मात्र फोनच्या काचेतच रांगली, काचेतच चालू लागली, काचेतूनच बोलू लागली. चार वर्षांनी हिशेबात एक तिकीट बसलं, तसा आईनं बँकेत फोन लावला.

"आजी, पॉइंट्स मागच्याच आठवड्यात वापरलेत. तुमच्या मुलानं तिकीट काढलंय, तुमच्या गावाहून त्यांच्या गावाचं," तिकडची मुलगी म्हणाली.

"लबाड कुठला, मला पत्ता लागू दिला नाही," असं पुटपुटत तिनं डोळे पुसले. नातीसाठी विणलेला स्वेटर पलंगावर काढून ठेवला आणि मुलाला फोन लावला. उचलला नातीनं.


"आजी, बाबा खालून दुसऱ्या आजीची बॅग आणतोय. ती आत्ताच विमानातून आली."