लवंगेचा वास

रघुवीरला धाप लागू लागल्याला चाळीस दिवस झाले, तरी दिवा हिरवाच लागत होता आणि इंदुमतीला नेमकं तेच पटत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी औषधांनी रघुवीरच्या फुप्फुसातला कॅन्सर थोपवला होता. तेव्हापासून तो रोज फिरायला जाताना दवाखान्याने दिलेली नळी बरोबर नेई आणि बागेत फुंकून आणे. अर्ध्या तासाने नळीवरचा दिवा लागे. श्वासातल्या प्रथिनांनी रूप बदललं, म्हणजे कॅन्सर पसरायला निघाला, की दिवा पिवळा होणार होता.

पण माणूस दोन जिने चढताना धापा टाकतोय, आणि दिवा हिरवा?

आज तो परतताच तिने नळी हुंगली. लवंगेचा वास आला. रघुवीर तर भातातलीसुद्धा लवंग वेचून काढायचा. गालात कायम लवंग धरणारा एकच माणूस होता, त्याचा फिरायचा सोबती आप्पा मगदूम. सत्तरीतही दवाखान्याची पायरी न चढलेला.

"अहो, ही नळी कोण फुंकतं?"

रघुवीरने मान खाली घातली. "धाप लागायला लागल्यापासून मला धीर होईना गं. आप्पा म्हणाला, आण इकडे, मी फुंकतो."

"चाळीस दिवस फसवलंत मला!"

तेवढ्यात तिच्या हातातल्या नळीचा दिवा लागला. पिवळा. तिने चटकन रघुवीरकडे पाहिलं, आणि मग आठवलं, हा श्वास ह्यांचा नव्हताच, आप्पाचा होता.

खालून आप्पाची खणखणीत हाक आली, "रघू, चहाला येतोस ना रे?"

रघुवीर जागचा हलेना. इंदुमतीने नळी धुतली आणि त्याच्यापुढे धरली.

"आधी तुम्ही फुंका. मग दोघं खाली जाऊ."