मातीचा ऋतिक

लढाईत गेलेल्या ऋतिकचा पुतळा कन्हेरी गावच्या चौकात बसणार होता. मातीचा नमुना तयार झाला, पण शिल्पकाराची एक अट होती: आईनं होकार दिल्याशिवाय ओतकाम सुरू करायचं नाही. म्हणून सरपंच सारजाबाईला बारामतीला त्याच्या कार्यशाळेत घेऊन आले. अनावरणासाठी पाहुण्यांची तारीख घेऊन झाली होती, पत्रिका छापायला गेल्या होत्या.

शिल्पकारानं ओलं फडकं काढलं. सारजाबाई बघतच राहिली. सरपंचांना घाम फुटला.

"काही चुकलंय का, काकू?" शिल्पकारानं विचारलं.

"ह्या मिशा कुणाच्या?"

"फौजी माणूस. जरा रुबाब दिसावा, म्हणून दिल्या."

"इसाव्या वर्षी गेलं माझं लेकरू. धड मिसरूडबी फुटलं न्हवतं त्याला."

शिल्पकार ओशाळला. "आत्ता काढतो," म्हणत त्यानं कोरणी उचलली आणि मातीच्या ओठावर टेकवली. तोच सारजाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेवढं तरी मोठं होऊ द्या त्याला."