नवी फिरकी

"कॅन्सर पुरता निघाला, पण कानाची वरची कड गेली," लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी शरणप्पांना कागदावर कान काढून दाखवला. "जखम ओढून शिवली तर कान आखूड होईल. कानामागची कातडी आणून लावली तर आणखी एक ऑपरेशन. नाहीतर पट्ट्या बदलत आपोआप भरू द्यायची. काय करायचं?" "बुगडी कशात बसंल?" "कशातच नाही." दोन वर्षं बायकोच्या, जगदेवीच्या, कानावरची चिघळणारी पुळी बुगडी टोचूनच झालीय म्हणून शरणप्पा सोनाराकडून फिरकी बदलून घेत राहिले. आजही नवी फिरकी लावलेली बुगडी त्यांच्या रुमालात होती. "तिलाच इचारतो," म्हणत ते आतल्या खोलीत गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच पट्टी बांधलेल्या जगदेवीनं विचारलं, "सोनारानं फिरकी बदलली का? आता टोचणार न्हाई ना?" रुमाल मुठीत आवळत शरणप्पा म्हणाले, "न्हाई. आता न्हाई टोचायची."