साथ

पेठ रोडवरच्या त्या अख्ख्या गावाला पोल्ट्रीचा धंदा बहिरूआबांनीच शिकवला होता. आपल्या शेडमधल्या कोंबड्या बर्ड फ्लूने मरताहेत हे कळताच त्यांनी स्वतः सरकारी डॉक्टरांना फोन केला, आणि दोन दिवसांत सरकारी हुकमाने गावातल्या सगळ्या कोंबड्या गावकऱ्यांच्याच हातून माना मुरगळून पुरल्या गेल्या.

खड्ड्यावर माती पडताच माणसं काठ्या घेऊन आबांच्या अंगणात घुसली. पहिला घाव केरूने घातला. त्याला पहिली पिल्लं आबांनीच दिली होती.

"गावाचं वाटोळं केलंस, म्हाताऱ्या!"

डोकं फुटून आबा कोसळले, तरी लाथा थांबेनात. अखेर दमून सगळे घराकडे वळले, तेव्हा रक्ताने माखलेलं तोंड कसंबसं उचलून आबा ओरडले,


"अरे, साबणानं हात धुतल्याबिगर लेकरांना जवळ घेऊ नका रे!"