लेबर अर्धं, हवा फुकट

"लेबर अर्धं, हवा फुकट" असा पिवळा बोर्ड धम्मदीपनं लावला, तोही हरिदासच्या गॅरेजच्या थेट समोर, रस्त्यापलीकडं.

हरिदास हातातला पाना तसाच धरून फाटकात उभा राहिला. धम्मदीपला इंजिन खोलायला त्यानंच शिकवलं होतं. स्वतःच्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलं होतं. आणि भांडण तरी केवढंसं? हरिदास एका गिऱ्हाइकासमोर चाक बसवत असताना धम्मदीप मध्येच पुढं झाला आणि म्हणाला, "थांबा काका, मी पाह्यतो." हरिदासनं त्याला तिथल्या तिथं हाकलून दिलं.

हिंगणघाटात हरिदासचं लेबर, म्हणजे कामाची मजुरी, सगळ्यांत महाग. पण गाडीचा आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. दुसऱ्यांनी इंजिन बदलायला सांगितलेल्या गाड्या त्यानं किरकोळ कामात रस्त्याला लावल्या होत्या. त्यामुळं लोक कुरकुर न करता पैसे द्यायचे.

बोर्ड लागला तरी त्याची गिऱ्हाइकं तुटली नाहीत. सलत होतं ते वेगळंच. त्याच्या फाटकातून निघालेली गाडी सरळ जायची नाही. रस्ता ओलांडून धम्मदीपकडं थांबायची. हवा फुकट होती ना! धम्मदीप एकेका चाकापाशी उकिडवा बसायचा, गाडीवाल्याशी हळू आवाजात काही बोलायचा. मग दोघंही हरिदासच्या गॅरेजकडं बघायचे आणि चटकन नजर वळवायचे.

"हवा भराले एवढा टाइम लागते काय?" हरिदास घरी बायकोला म्हणाला. "माह्या कामात खोट काढून राह्यला तो. आज हवा फुकट देऊन राह्यला, उद्या गिऱ्हाइकं पळवन."

"तुमीच बोला ना त्याच्याशी एकडाव," अन्नपूर्णा म्हणाली. ताट पुढं करता करता थबकली. "आन हे बोटाले काय झालं? केवढा फोड आला!"

"सायलेन्सरले लागलं असन." कधी लागलं, ते त्याला आठवेना.

धम्मदीपशी तो बोलला नाही. चहाच्या टपरीवर मात्र बोलला. धम्मदीपकडून आलेल्या एका गाडीचं चाक म्हणे गिरडच्या रस्त्यावर डुगडुगायला लागलं होतं. गाडीत लेकरं होती, थोडक्यात वाचली. असं काही घडलं नव्हतं. सांगताना त्याची जीभ जराशी अडखळली, पण ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. धम्मदीपचं दुकान नत्थूजींच्या जागेत होतं. त्यांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा तिच्यातली लेकरं दवाखान्यात पोचली होती.

"माह्या जागेवर पोलिसाचं लचांड नोको," नत्थूजी म्हणाले आणि त्यांनी धम्मदीपला दुकान खाली करायला सांगितलं.

संध्याकाळी धम्मदीप रस्ता ओलांडून आला.

"जयभीम काका. उद्या सामान हलवून राह्यलो. आंजीले जातो, सासऱ्याकडं."

हरिदास बॉनेटमध्ये डोकं घालून राहिला.

"एक सांगाचं होतं. चाकं बसवाले एखादा माणूस ठेवजा."

"आता तू मले शिकवणार काय?"

धम्मदीप नुसताच म्हणाला, "नाई काका," आणि गेला.

त्या रात्री हरिदासला जिंकल्यासारखं काही वाटेना.

सकाळी इंदिरा मॅडम गाडी न्यायला आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, जुनं गिऱ्हाईक. पुढच्या चाकांचं ब्रेकचं काम होतं, ते हरिदासनं स्वतः केलं होतं. मॅडम निघाल्या आणि सवयीनं समोर थांबल्या. तिथं धम्मदीपचं सामान न्यायला आलेला टेम्पो उभा होता. जाताजाताही याचं हवा भरणं सुटत नाही, असं म्हणून हरिदासनं पाठ फिरवली.

दुपारी फोन आला. जाम गावाच्या अलीकडं मॅडमच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं. गाडी कपाशीत घुसून उलटली. मॅडम शुद्धीवर होत्या, पण पायाचं हाड मोडलं होतं.

हरिदास धसकला. टपरीवर आपण जे रचून सांगितलं, जवळपास तसंच घडलं होतं. मग त्याच्या डोळ्यांसमोर समोरच्या दुकानापाशी थांबलेली गाडी आली आणि भीतीच्या जागी संताप चढला. धम्मदीपनं सूड घेतला. माझ्यावरचा राग एका म्हाताऱ्या बाईवर काढला.

दवाखान्यात मॅडमचा पाय प्लास्टरमध्ये होता. चेहरा पांढराफटक पडला होता. हरिदास खाटेजवळ उभा राहिला आणि त्याला रडूच फुटलं.

"मॅडम, मी त्याले सोडत नाई. पोलिसात देतो. माह्याकडून निघाल्यावर तुमी त्याच्याकडं थांबल्या होत्या. मी पाह्यलं. त्यानंच चाकाले हात लावला."

"थांबले होते," मॅडम म्हणाल्या. "पण शटर बंद होतं, हरिदासजी. टेम्पोवाला एकटाच होता. म्हणाला, धम्मदीप पहाटेच्या गाडीनं गेला."

"मंग चाकाले हात कोनं लावला?"

"आज कुणीच लावला नाही. मीही तशीच निघाले, एका दिवसानं काय होतं म्हणून." मॅडमनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं दाबून पाहिली. "दाबलेलं कळतं तुम्हाला?"

त्याला काहीच कळत नव्हतं. फोड आलेलं बोटही दुखलं नाही.

"तुमच्याकडून निघालेल्या प्रत्येक गाडीच्या चाकांचे ढिले राहिलेले नट तो पुन्हा कसून द्यायचा. काकांना सांगू नका म्हणून हात जोडायचा. सगळ्यांना ठाऊक होतं."

"मंग तुमी लोक माह्याकडं काऊन येत होते?" हरिदासनं विचारलं.

"तो समोर होता म्हणून."